बंद व्हॉल्व्हमधून जाणारा गॅस साबणाला सापडत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक पट्ट्यात आणि शहरातल्या हॉटेलांत, लॉन्ड्रीत, डेअरीत गॅसवर चालणारे बॉयलर आता नवलाईचे राहिलेले नाहीत. कुठे सिलिंडरची बँक आहे, कुठे पाइपचा गॅस आला आहे. या बॉयलरचे सर्व्हिसिंग होते, साबणाचे पाणी मारले जाते, कागदावर 'लीकेज नाही' असे लिहून सही होते. ही सही बहुतेक ठिकाणी अर्ध्याच तपासणीवर झालेली असते. उरलेली अर्धी तपासणी काय आहे आणि ती कशी करायची, हे बॉयलरवर काम करणाऱ्यांपर्यंत आणि त्यांच्या मालकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

गळती दोन तऱ्हेची असते. एक बाहेरची, म्हणजे सांध्यातून, फ्लँजमधून, नटातून गॅस खोलीत येतो. दुसरी आतली. व्हॉल्व्ह बंद असतो, पण त्याची सीट, म्हणजे झाकण टेकते ती जागा, पक्की बसलेली नसते आणि गॅस हळूहळू पुढे भट्टीकडे सरकत राहतो. कामगार याला 'व्हॉल्व्ह पास करतोय' म्हणतात. पहिली गळती नाकाला कळते, फेसाला कळते. दुसरी कळत नाही, कारण ती पाइपाच्या पोटात चाललेली असते. बाहेरून कितीही फेस लावा, एक बुडबुडा उठणार नाही.

बर्नरच्या गॅस ट्रेनमध्ये, म्हणजे बर्नरकडे गॅस नेणाऱ्या भागांच्या साखळीत, हाताचा बॉल व्हॉल्व्ह, फिल्टर, रेग्युलेटर आणि प्रेशर स्विच यांच्यानंतर एकामागे एक दोन सोलेनॉइड (विजेने उघडझाप होणारे) व्हॉल्व्ह असतात. दोन का? एकाने दगा दिला तरी दुसऱ्याने गॅस अडवावा म्हणून. पण याच रचनेमुळे एक व्हॉल्व्ह खराब झाला की दुसरा त्याचे दुखणे झाकून ठेवतो. बर्नर नीट पेटतो, नीट विझतो, कुठे वास नाही, तक्रार नाही. असे महिनोन्महिने चालते. मग कधीतरी दुसऱ्याच्या सीटवर कचरा अडकतो आणि त्या दिवसापासून भट्टीत गॅस जमू लागतो. म्हणून दोन्ही व्हॉल्व्ह वेगवेगळे तपासले नाहीत तर तपासणी झाली असे म्हणताच येत नाही.

किती गॅस जमतो याचा एक हिशेब मांडतो. समजा भट्टी आणि धुराच्या नळ्या मिळून २ घनमीटर, म्हणजे २००० लिटर पोकळी आहे. दोन्ही व्हॉल्व्हमधून तासाला ५ लिटर गॅस पास होतो आहे आणि धुराड्याचा डँपर (झडप) बंद आहे. शनिवारी संध्याकाळी ६ ला बॉयलर बंद केला आणि सोमवारी सकाळी ६ ला चालू करायला गेलो, तर ३६ तासांत १८० लिटर गॅस आत गेला. हवा आलीच नाही असे धरले तर हे प्रमाण साधारण ९ टक्के होते. पाइपच्या नैसर्गिक वायूतला मुख्य घटक मिथेन. तो हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने भडकतो. सिलिंडरचा एलपीजी तर साधारण २ टक्क्यांपासूनच भडकतो. म्हणजे याच भट्टीत ४० लिटर पुरे, आणि तेवढा गॅस ८ तासांत, एका रात्रीत, जमतो. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने धुराडे उघडे असेल तर बराचसा वर निघून जातो. एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो, तो भट्टीच्या तळाशी बसून राहतो किंवा बर्नरच्या हवेच्या तोंडातून खाली उतरून फरशीवर पसरतो. गणपतीच्या सुट्टीत चार-पाच दिवस कारखाना बंद राहतो, त्यानंतरची पहिली पेटवणी या दृष्टीने सगळ्यांत जोखमीची.

यावर उपाय म्हणून पेटवण्याआधी ब्लोअर भट्टी झाडून काढतो. भट्टी आणि धुराडे यांतली हवा किमान चार वेळा बदलेल इतका वेळ तो पूर्ण हवेवर चालायला हवा, आणि हा वेळ ३० सेकंदांच्या खाली कधीच जाऊ देऊ नये. पण वाफ लवकर हवी म्हणून हा वेळ कमी केलेला असतो. हवेचा प्रेशर स्विच त्रास देतो म्हणून तिथे वायरचा तुकडा टाकून तो 'डायरेक्ट' केलेला असतो. पॅनेल उघडल्यावर असा तुकडा दिसला तर पुढचे सर्व्हिसिंग थांबवावे आणि आधी स्विच बदलावा. यात तडजोडीला जागा नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी.

पॅनेलचा एमसीबी पाडून त्यावर पाटी लावा. खोलीची दारे-खिडक्या उघडा. गॅस डिटेक्टर हाताशी ठेवा, पण तो चालतो का ते आधी चाचणी-वायूने पाहा. वर्षभर कॅलिब्रेशन न झालेला डिटेक्टर शून्य दाखवतो आणि आपण त्या शून्यावर विश्वास ठेवतो. नाकावरही पूर्ण भिस्त नको. गॅसला दिलेला मर्कॅप्टनचा वास थोड्या वेळाने नाकाला जाणवेनासा होतो, आणि सर्दीत तर तो येतच नाही.

बाहेरच्या गळतीसाठी पेलाभर पाण्यात चमचाभर भांड्याचे सौम्य लिक्विड पुरते. ब्रशने सांध्याभोवती पूर्ण वेढा द्या आणि निदान मिनिटभर बघत राहा. बारीक गळतीचे बुडबुडे पांढऱ्या साईसारखे हळूहळू साचतात, पटकन फुगत नाहीत. अमोनिया किंवा क्लोरीन असलेला क्लीनर वापरू नका, पितळी फिटिंगला कालांतराने तडे जातात. विजेच्या टर्मिनलवर आणि सोलेनॉइडच्या कॉइलवर पाणी जाऊ देऊ नका. काम झाल्यावर फेस पुसून घ्या. काडी किंवा लायटर फिरवून गळती शोधण्याची रीत अजून काही ठिकाणी दिसते. तसे करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

बुडबुडे बहुधा कुठे सापडतात? पहिला नंबर प्रेशर मोजायच्या निपलचा. मॅनोमीटर (दाब मोजायचे साधन) लावायला आतला स्क्रू सैल करतात आणि नळी काढल्यावर तो आवळायचा राहून जातो. म्हणजे ही गळती सर्व्हिसिंगनेच निर्माण केलेली. त्याखालोखाल फिल्टरचे झाकण, कारण जाळी धुऊन जुनीच ओ-रिंग परत बसवलेली असते. दाबून चपटी झालेली रिंग बोटांत धरून वाकवली की कडेला केसासारख्या भेगा दिसतात. ती दहा-वीस रुपयांसाठी परत वापरू नये. फ्लँज उघडला की गॅस्केट नवेच घालावे आणि बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. आत दाब असताना पाना लावून गळती 'बसवण्याचा' प्रयत्न करू नये. गॅस बंद करा, दाब सोडा, मग पाना लावा.

रेग्युलेटरच्या वरच्या बारीक श्वासछिद्राकडे सहसा कोणी पाहत नाही. तिथे सतत बुडबुडे येत असतील तर आतला पडदा फाटला आहे, रेग्युलेटर बदलावा लागेल. उलटही होते. कुंभारीण माशी त्या छिद्रात मातीचे घर करते, नाहीतर रंगकाम करणारा ब्रशने ते बुजवून टाकतो. मग पडद्याला हलता येत नाही, बर्नरचा दाब वरखाली होतो आणि ज्योत नाचू लागते. आपल्याकडे पावसाळा संपला की हे छिद्र बघायचा नेम ठेवावा.

आणखी एक गोष्ट फार ठिकाणी चुकते. दुसऱ्या सोलेनॉइडच्या पुढचा भाग, म्हणजे बटरफ्लाय व्हॉल्व्ह, त्याचा दांडा, बर्नरला जोडणारा एल्बो आणि फ्लँज, यांत बर्नर बंद असताना गॅसच नसतो. तिथे बंद अवस्थेत फेस लावून 'ओके' लिहिणे म्हणजे रिकाम्या बाटलीची गळती तपासणे. हे सांधे बर्नर पेटल्यावर, एकदा लहान ज्योतीवर आणि एकदा पूर्ण ज्योतीवर, तपासायचे. पायलटची (मुख्य ज्योत पेटवणाऱ्या लहान ज्योतीची) बारीक नळीही तशीच, पायलट चालू असतानाच.

आता आतली गळती. यासाठी यू-ट्यूब किंवा डिजिटल मॅनोमीटर, रबरी नळी, टी (तीन तोंडांचा जोड) आणि घड्याळ एवढेच लागते. १ मिलिबार म्हणजे पाण्याचा साधारण १० मिलिमीटर स्तंभ, म्हणून काचेची यू-ट्यूब अजूनही उत्तम. तिला बॅटरी लागत नाही आणि ती खोटे बोलत नाही.

पहिल्या व्हॉल्व्हसाठी: वीज बंद, दोन्ही सोलेनॉइड बंद, हाताचा बॉल व्हॉल्व्ह मात्र उघडा, म्हणजे पहिल्या व्हॉल्व्हच्या मागे नेहमीचा दाब राहील. दोन व्हॉल्व्हच्या मधल्या निपलला नळी लावून मधला गॅस खोलीबाहेर, ठिणगीपासून दूर, सोडा. दाब शून्यावर आला की त्याच जागी मॅनोमीटर लावा आणि १० मिनिटे बघा. पाण्याची पातळी चढू लागली तर पहिला व्हॉल्व्ह पास करतो आहे.

दुसऱ्यासाठी: पहिल्या व्हॉल्व्हच्या मागचा निपल आणि मधला निपल टी लावून नळीने जोडा, मधल्या जागेत कामाचा दाब भरा, नळीला चिमटा लावा आणि मॅनोमीटर बघा. आता पहिल्या व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब आहे, त्यामुळे त्यातून काही ये-जा होणार नाही. दाब पडला तर गॅस दुसऱ्या व्हॉल्व्हमधून पुढे जातो आहे, नाहीतर नळीच्या किंवा मधल्या सांध्यातून बाहेर. सांध्यांना आणि नळीला फेस लावा. फेस शांत आणि दाब पडतोच आहे, तर दोषी दुसरा व्हॉल्व्ह.

दाब किती पडला एवढे लिहून भागत नाही, मधल्या जागेचे आकारमान किती हेही लिहावे लागते. जोडव्हॉल्व्हच्या एकाच ब्लॉकमध्ये ही जागा ०.३ लिटर असेल आणि ५ मिनिटांत १० मिलिबार पडले, तर गळती तासाला सुमारे ३५ घनसेंटीमीटर. मधे लांब पाइप असून जागा ३ लिटर असेल तर त्याच १० मिलिबारचा अर्थ तासाला सुमारे ३५५ घनसेंटीमीटर. आकडा तोच, गळती दहापट. हिशेब सोपा आहे: लिटरला पडलेल्या मिलिबारने गुणा, १०१३ ने भागा, म्हणजे तेवढ्या वेळात गेलेला गॅस लिटरमध्ये मिळतो. परवानगी किती, हे व्हॉल्व्ह बनवणाऱ्याच्या तक्त्यात त्याच्या मापानुसार दिलेले असते, तेच प्रमाण मानावे.

तापमान मात्र फसवते. १०० मिलिबार दाबावर बंद केलेल्या गॅसचे तापमान १ अंशाने बदलले तर मॅनोमीटर सुमारे ३.७ मिलिबारने हलतो. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी दहाच्या उन्हात पाइप तापत असताना चाचणी घेतली तर दाब चढतो आणि खरी गळती त्याखाली लपते. नुकताच बंद केलेला बॉयलर निवत असताना घेतली तर गळती नसताना दाब पडतो. म्हणून दाब भरल्यावर १०-१५ मिनिटे थांबून मगच घड्याळ लावा.

काही ठिकाणी बुडबुडे मोजण्याची पद्धत वापरतात, तीही चांगली आहे. व्हॉल्व्हच्या पुढच्या चाचणी-कॉकला ६ मिलिमीटरची नळी लावायची, तिचे टोक ४५ अंशांत तिरपे कापायचे आणि भांड्यातल्या पाण्यात जेमतेम ३ मिलिमीटर बुडवायचे. पुढचा हाताचा व्हॉल्व्ह बंद हवा. कॉक उघडल्यावर पहिले काही बुडबुडे साचलेल्या गॅसचे असतात, ते जाऊ द्यायचे. त्यानंतर भांडे शांत झाले पाहिजे. ठरावीक अंतराने, एका तालात, बुडबुडा सुटतच राहिला तर सीट धरत नाही. टोक जास्त खोल बुडवले तर पाण्याचाच दाब बारीक गळती अडवतो आणि निकाल खोटा येतो.

पूर्ण गॅस ट्रेन नव्याने बसवली असेल तर चाचणी हवेने किंवा नायट्रोजनने घ्यावी, ऑक्सिजनने कधीही नाही. तेल-ग्रीस लागलेल्या जागी ऑक्सिजन स्वतःच आग लावतो. मुख्य पाइपलाइनच्या चाचणीचा मोठा दाब सोलेनॉइड ब्लॉकवर येऊ देऊ नका. अनेक ब्लॉक ५०० मिलिबारच्या पुढे सोसत नाहीत, काही तर ३६० च्याच. ब्लॉकवर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय कॉम्प्रेसरची नळी जोडू नका.

व्हॉल्व्ह पास का करतो? सगळ्यांत मोठे कारण कचरा. पाइपला आटे पाडल्यावरचा लोखंडी कीस, वेल्डिंगची खपली, टेफ्लॉन टेपचा लोंबता धागा. टेप पहिले दोन आटे सोडून गुंडाळावी, म्हणजे तिचा तुकडा आत जात नाही. फाउंड्रीच्या आसपास पाइप उघडा पडला की बारीक वाळू आत शिरते, म्हणून काम अर्ध्यावर सोडताना पाइपाचे तोंड बुचाने बंद करायलाच हवे, नुसत्या चिंधीने नाही. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक १० मिलिबारच्या पुढे गेला की काडतूस बदलावे, नाहीतरी वर्षाने बदलावेच. एलपीजीच्या प्लांटमध्ये व्हेपोरायझरमधून येणारा तेलकट मळ सीटच्या रबराला चिकटतो, तिथे ड्रेन पॉट नियमित रिकामा झाला पाहिजे. बॉयलरच्या तोंडाजवळच्या उष्णतेने रबर कडक होते, ते वेगळेच. बरेच उत्पादक या व्हॉल्व्हचे आयुष्य साधारण १० वर्षे धरतात. पास करणारा सोलेनॉइड उघडून, सीट घासून परत बसवण्याचा उद्योग करू नये. बदलावा.

सर्व्हिसिंग संपवण्याआधी बर्नर चालू असताना हाताचा गॅस व्हॉल्व्ह सावकाश बंद करून बघा. लो-प्रेशर स्विचने किंवा ज्योत गेल्याचे कळताच कंट्रोलरने सोलेनॉइड ताबडतोब बंद केले पाहिजेत. ज्योत विझल्यापासून १ सेकंदाच्या आत. लॉकआउट आल्यावर, म्हणजे कंट्रोलरने बर्नर अडवून ठेवल्यावर, रीसेटचे बटन पुन्हा पुन्हा दाबायची सवय घातक आहे. प्रत्येक प्रयत्नात काही सेकंद गॅस भट्टीत जातो आणि पेटत नाही. एकदा रीसेट करून नाही पेटला तर कारण शोधा.

ज्यांनी सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर बदल केला आहे त्यांनी जेट आणि दाब बदलले असतीलच, पण भिंतीवरचा गॅस डिटेक्टर? एलपीजीसाठी तो जमिनीपासून ३० सेंटीमीटरच्या आसपास लावलेला असतो. नैसर्गिक वायू वर जातो, त्याच्यासाठी तो छताखाली हवा आणि त्याच वायूसाठी कॅलिब्रेट केलेला हवा. खाली राहिलेला डिटेक्टर वरचा गॅस कधीच सांगणार नाही.

मालकवर्गाचा एक समज इथे दूर करायला हवा. बॉयलरला वर्षाचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे बर्नरही तपासला गेला असे नव्हे. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, तरी त्या तपासणीचा मुख्य भर वाफेचा दाब सोसणाऱ्या भागांवर असतो, म्हणजे शेल, नळ्या, सेफ्टी व्हॉल्व्ह यांवर. सोलेनॉइडची सीट धरते का, हे बघण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची आणि त्याने नेमलेल्या एएमसीवाल्याची, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार घेणाऱ्याची. युरोपातल्या मानकात १२०० किलोवॅटच्या वरच्या बर्नरला दोन्ही व्हॉल्व्हची गळती दर वेळी आपोआप तपासणारे यंत्र सक्तीचे आहे. आपल्या मोठ्या बर्नरवर ते नसेल तर बसवून घ्यावे, आणि लहान बर्नरवर वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि मार्चमध्ये, हाताने ही चाचणी करावी. एएमसीच्या कागदावर 'लीकेज ओके' चालवून घेऊ नये. पहिला व्हॉल्व्ह: सुरुवातीचा दाब, शेवटचा दाब, मिनिटे. दुसरा व्हॉल्व्ह: तेच तीन आकडे. मधल्या जागेचे आकारमान. हे सात आकडे नसतील तर बिल थांबवावे.

शेवटी भाषेबद्दल. बॉयलरबरोबर येणारे पुस्तक इंग्रजीत असते, भिंतीवरची सूचना असलीच तर एका भाषेत. आपल्या भागात एकाच पाळीत मराठी वाचणारा आणि कन्नड वाचणारा शेजारी शेजारी काम करतात. रात्रपाळीचा ऑपरेटर मराठीत गळती म्हणो की कन्नडमध्ये सोरिके, त्याला गॅसचा वास आला तर पहिला कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा, बटनांना हात लावायचा नाही, दारे उघडायची आणि बाहेर येऊन फोन करायचा, एवढे त्याच्या भाषेत मोठ्या अक्षरांत बर्नरसमोर लिहिलेले असावे. एलपीजीसाठी १९०६ हा क्रमांक आणि सर्व आणीबाणीसाठी ११२, हेही त्याच फलकावर. कारखाने व बॉयलर खात्याने तपासणीला येताना हा दोन भाषांतला फलक आहे का, एवढे जरी विचारले तरी महिन्याभरात तो सगळीकडे लागेल. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी उचलून धरावी, ही विनंती.

आपले,
बॉयलर व बर्नर देखभालीचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
बेळगाव